खोगीरभरती

जुनं जाकीट सोळा वर्षं वापरलं मी.
फोम, चेन, चार खिसे, छातीवर वेल्क्रो,
हवा भरली की सगळं अंगाशी यायचं,
बरगड्या मोजून घेतल्यासारखं.
आणि पाण्यात ते मला उभं करायचं,
काखेत हात घालून लहान पोराला करतात तसं.
उभा माणूस गोदावरीत काय बघणार?
पाय हलले की गाळ वर,
मग हातच डोळे.

लोह्याच्या मसाजीला नेऊन दाखवलं.
माळेगावच्या जत्रेत तो खोगिरं विकतो,
घोड्याच्या पाठीवरून तळवा फिरवून माप सांगतो.
त्यानं जाकीट उलटंपालटं केलं, फोम दाबला.
"समदी भरतीच हाय की ही.
हाड कुठाय ह्याला?"

हाड इलियासभाईनं केलं,
इतवाऱ्यात, दुधाच्या टाक्या जोडतो तिथं.
तीन मिलिमीटरचा स्टेनलेस पत्रा,
मधोमध सिलिंडरसाठी पन्हळ,
भोकं अकरा इंचांवर.
मी दोनदा मोजून दिली, त्यानं तिसऱ्यांदा मोजली:
"नीचे जाके उल्टा पडा तो मेरेकू नक्को बोलो."
कडा कानशीनं घासून
स्वतःच्या गालावर फिरवून पाहिल्या.

विंग पुण्याहून कुरिअरनं आली,
घडी घातलेली, काळी, टायरच्या ट्यूबसारखी.
पंखच म्हणतात तिला.
पण तिनं उडता येत नाही,
पडायचं थांबतं, इतकंच.

पट्टा मात्र एकच. अखंड.
खांद्यावरून उतरतो, पत्र्यात शिरतो, कमरेला येतो.
मसाजीनं तो माझ्या अंगावरच कापला,
टोक मेणबत्तीवर धरलं, वितळलं तसं अंगठ्यानं दाबलं.
"दोन बोटं जाऊ देत. जनावर दम घेतंय."
मी दम घेतला. दोन बोटं गेली.

चंद्रसेन म्हणाला, "सोळा वर्षांनी हे काय करायलास?"
मी म्हणालो, शिसं कमी लागतं. चार किलो उतरलं.
ते खरंच होतं.

असरजनच्या त्या पोराचं मी बोललो नाही.
त्याच्यापासून हातभर होतो मी, नंतर कळलं,
दोरीच्या खुणेवरून.
माझ्याच पायांनी उठवलेला गाळ
आमच्या दोघांच्या मध्ये होता.
तिसऱ्या दिवशी तो आपला आपणच वर आला.
त्याच्या चुलत्यानं आम्हांलाच चहा पाजला,
कप धुऊन, पुसून.

पहिल्या दिवशी विष्णुपुरीत फजिती झाली.
सवयीनं विंग फुगवली टच्च,
तिनं मला तोंडावर पाडलं,
पाच मिनिटं मी पाण्याला नमस्कार घालत होतो
आणि बंधाऱ्यावर चंद्रसेन पोट धरून.
"थोडी सोड!" तो ओरडला.
सोडली. मग अजून सोडली.

आठ मीटरवर कुणीतरी मला आडवं ठेवलं.
कुणी नव्हतं, पोलाद होतं पाठीशी,
गुडघे वाकलेले, पाय वर,
खाली गाळ, झोपलेला, न उठवलेला.
मी थांबलो. खरंच थांबलो.
सोळा वर्षांत या नदीत
काही न धरता मी कधी थांबलो नव्हतो.
टॉर्चच्या उजेडात चहाच्या रंगाचं पाणी,
त्यात दरवाजाचे रिव्हेट, एकेक,
आणि एक बोटभर मासा
माझ्याकडे बघून कंटाळला आणि गेला.

रिपोर्टात लिहिलं:
दरवाजा क्रमांक सात, डावा खालचा कोपरा,
रबरी सील वीतभर फाटलेलं.
साहेबांनी विचारलं, "हाताला लागलं का?"
"नाही," म्हणालो, "दिसलं."
त्यांनी सही केली.

जाकीट अजून खुंटीला आहे.
चंद्रसेन म्हणतो, नव्या पोरांना दे.
मी हो म्हणतो
आणि देत नाही.