आरशाले मोजा

डांबर संपते, तिथून माही हद्द चालू होते.
एक मोह, दोन पयस, सिमेंटाचा पोकय खांब,
अन् गाडीमागं वीस रुपये. पावती मागू नका,
पावतीबुक मांगच्या साली वांदरानंच फाडलं.

जा तुमी वरते. माथा दीड घंट्यावर हाय.
गाडीची फिकर माह्यावर. पन पयले
मांगच्या सीटवरचा चिवडा काढा,
डिक्कीतली केयीबी.
काच बंद हाय म्हून अस्वलाले वास येत नाई
असं कोनं सांगतलं तुमाले?

आरशाले मी मोजे घालतो.
आश्रमशायेतले एकुटे मोजे,
ज्याईचा जोडीदार नाल्यात वाहून गेला
का दुसऱ्या पोट्ट्याच्या पायात गेला,
ते वार्डनबाई मले थैलीभर देते.
निये, पांढरे, टाचेशी फाटके.
इथं एक हुप्प्या हाय, शेपूट अर्धी, त्याले लांड्या म्हंतो मी.
त्याले आरशात दुसरा हुप्प्या दिसते
अन् मंग भांडन. थापडा, दात, शिव्यासारखं खाकरनं.
सात हजाराचा आरसा जाते,
जिकत मातर कोनीच नाई.

बोनटाखाली डांबरगोया, चिंधीत बांधून.
चाकाभोवती मिरचीचा भुकटा.
वारा सुटला का माह्याच डोयात जाते,
तरी टाकतो.

अमरावतीचे ढोकणे डॉक्टर दर शनवारी येते,
चांदन्या पाहाले रातभर वरतेच रायते, चाबी माह्यापाशी.
म्हंते, फुलवंती, उंदराचं जहर ठेव दोन पाकिटं,
पैसे मी देतो.
म्या सांगतलं, डॉक्टरसाहेब, या मोहावर घुबड हाय.
ते फुकट राखन करते रातची,
उंदीर हाच त्याचा पगार.
पगारात जहर कालवू काय?
ते हासले. मले वाटलं, समजले.

मांगच्या आयतवारी सकायी पाहतो
तं डाव्या आरशाचा मोजा नाई.
वारा नव्हता. वांदराईचा टोया अजून झाडावरच होता.
बोनटातून बारीक आवाज, सुई टोचल्यावानी.
चाबी लावून दांडा वढला, झाकन उचललं.

बॅटरीच्या बाजूले, जिथं इंजनाची ऊब रायते,
तिथं निया मोजा. त्याच्या पंज्यात पाच पिलं.
केस नाई, डोये नाई,
चन्याएवढं काईज कातडीतून उडताना दिसे.
एकबी वायर कातरली नव्हती.
माय कुठं गेली होती, का मले पाहूनच पयाली,
देव जाने.
म्या ज्याच्यानं गाडी राखली
त्याच्यानंच तिनं घर केलं.

डॉक्टर धा वाजता उतरते.
मोज्यासगट उचललं. मोहाखाली ठेवू?
तिथं तं घुबड. रस्त्याच्या कडंले? तिथं मुंग्या.
शेवटी खांबाच्या पोकयीत घातलं, वरून पाचोया.
भुकटा मातर खांबापाशी टाकला नाई.

वयून पाहतो तं लांड्या गाडीवर.
मोकया आरसा, अन् तो त्याच्याम्होरं.
म्या काठी उचलली.
पन तो भांडत नव्हता.
एका बोटानं हयूहयू
त्या दुसऱ्याच्या भुवईतून किडा काढत होता.
निंगत नव्हता किडा. तो थांबे, बोट तोंडात घाले,
पुन्हा काढे.
म्या काठी खाली ठेवली. किती येय, माईत नाई.

डॉक्टर आले, गाडी चालू केली.
म्हंते, पाह्य, तुह्या डांबरगोयांचा गुन!
म्या काई बोलली नाई. वीस रुपये घेतले.

तं तुमी जा आता, ऊन चढाच्या आंदी.
आरसा जवाबदारीवर.
फक्त एक मोजा कमी हाय,
कोनापाशी एकुटा असंन तं
परतताना देऊन जा.