रेघ आणि शून्य

रेवणसिद्ध माळगे शून्य फार नीट काढायचे,
बांगडी ठेवून गिरवल्यासारखं.
सकाळी साडेआठ, मापक उपसायचा, आकडा लिहायचा:
शून्य. शून्य. दोन पूर्णांक चार. शून्य.
हे सोलापूर आहे. इथं शून्यही मोजावं लागतं.

पण माझ्या जन्माआधीच्या एका सप्टेंबरात
सलग नऊ दिवस नुसती रेघ.
शून्य म्हणजे पडला नाही.
रेघ म्हणजे कोणी बघितलं नाही.
शंभर वर्षांच्या आलेखात तेवढीच दात पडल्यासारखी जागा,
आणि पुण्याहून सरांचा निरोप:
गाळून टाक ते वर्ष.

सुट्टीला घरी आले, विडी घरकुलात.
आई सूप मांडीवर घेऊन पानं कापत होती.
तिला सगळं सांगितलं, विषुववृत्तावरचे ढग,
समुद्राचं दहा-वीस वर्षांनी कूस बदलणं.
ती म्हणाली, "म्हणजे माझ्या लग्नाचं वर्ष. थांब,"
आणि ट्रंकेतून कारखान्याचं पासबुक काढलं.
चौदा सप्टेंबर: माल ओला. परत.
पंधरा: माल ओला. परत.
मी नाचायचीच बाकी होते.

"पण मुनशी लबाड होता.
कोरड्या दिवशीही ओला लिहायचा,
शे-दीडशे विड्या त्याला फुकट."
मग खरा पाऊस कुठला?
कात्री न थांबवता म्हणाली,
"खोटं तो एकीचंच लिहायचा.
पाऊस आला की गल्लीभर परत."

माझ्या प्रबंधात हेच वाक्य
तीन पानांचं आहे, सूत्रांसकट.

दुसऱ्या दिवशी दारोदार फिरले.
येमूलमावशींचं पासबुक बंबात गेलेलं.
नरसम्मा बोद्धूलनी देवाच्या तसबिरीमागून काढून दिलं,
"परत आणून दे गं, त्यात ह्यांची सही आहे."
दिवेलागणीपर्यंत पाच जमली.
चौदा तारीख: चौघींचा माल ओला.
पाचवीच्या पानावर रेघ.
विचारलं तर हसल्या,
"बाळंत झाले होते त्या दिवशी.
पाऊस? होता की. रिक्षा मिळेना."

वहीच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं:
पडला. किती, माहीत नाही.
रिक्षाचं कुठं लिहावं ते सुचेना.

आणि माळगे?
इतकी गोल शून्यं काढणारा माणूस
नऊ दिवस कुठं होता,
हे विचारायचं अजून राहिलंय.