दोन फूट वर

संग्रहालयाचा शिपाई सायकलवरून आला,
म्हणाला, सातापा, हरणाचं पोट उसवलंय.
अण्णांनी रापी खाली ठेवली,
दोन आऱ्या घेतल्या, मेणाचा दोरा शर्टाच्या खिशात,
आणि मला, डबा धरायला.

मागच्या दालनात, चाक नसलेल्या बग्गीपलीकडं
ते उभं होतं काचेच्या पेटीत
एक पाय उचलून,
कुणी हाक मारल्यावर थांबावं तसं.
पाटीवर: इंपाला. आफ्रिका. साल पुसलेलं.
चौगुले साहेब म्हणाले,
लोक काळवीट समजून पुढं जातात.

अण्णा काही बोलले नाहीत.
चष्मा कपाळावर सरकवला,
तळहात पाठीवर ठेवला
आणि डोळे मिटले.
सुभाषनगरात म्हणायचे, सातापाच्या हातात कातडं द्या,
म्हैस कुणाच्या गोठ्यातली ते सांगंल.

‘हितं काटा लागलाय. ल्हानपणी. भरून आलाय.
ही बारकी टोचं, गोचिडीची.
कानामागं एक बी न्हाई.
पाखरं बसून खात आसतील.’

साहेबांनी वही उघडली होती. पेनाचं टोपण
तसंच तोंडात राहिलं.

‘मान बघ,’ अण्णा मला म्हणाले.
मी बोट लावलं. पाठ मऊ होती,
पायताणाच्या आतल्या पट्ट्यासारखी,
मान मात्र तळव्याच्या चामड्याची.
‘पैलवान हाय. तालमीतल्या गड्याचा कान मोडतो,
तशी ह्येची मान राठ झालीया.
शिंगात शिंग घालून रेटायचा.
कळपातल्या बायका बघत हुत्या का चरत हुत्या,
ते कातड्यावरनं कळत न्हाई.’

मग मांडी.
चार रेघा, शेजारी शेजारी, केस न उगवलेल्या.
अण्णांनी बोटं पसरली.
चार बोटं चार रेघांत बसली.
बराच वेळ तशीच.
‘सुटलं हुतं,’ म्हणाले. ‘त्या वक्ताला.’

गोळीचं भोक त्यांनी शोधलं नाही.
ते मला सापडलं, खांद्यामागं, मेणानं बुजवलेलं.
मी बोट काढून घेतलं
आणि फ्रॉकला पुसलं.

पोटात हात घातला तर गवत निघालं.
हुंगून म्हणाले, ‘कुसळी. हे आपल्याकडचंच,
पन्हाळ्याच्या अंगाचं.’
एवढ्या लांबचा जीव,
आणि शेवटचा चारा आमच्या डोंगरातला,
तोही न चावता.

‘तिकडं खायचं काय?’
साहेबांनी पुस्तक काढलं.
गवत. उन्हाळ्यात काटेरी झाडांचा पाला,
बाभळीच्या जातीचा.
अण्णा हसले. त्या दिवशी एकदाच.
‘बाभळीच्या सालीतच आम्ही कातडं कमावतो की.
जित्तेपणी झाड प्वाटात,
मेल्यावर प्वाट झाडात.’

एकवीस टाके घातले, आतून,
पांढरे केस बोटांनी वर ओढून.
आज गेलात तर दिसणार नाहीत.
मी जाते अधूनमधून. मलाही दिसत नाहीत.

पावती मिळाली: किरकोळ दुरुस्ती, रुपये चाळीस.
अंगठ्याला शाई लावताना अण्णांनी विचारलं,
‘उडायचा किती?’
पुस्तकावरून बोट फिरलं.
‘दहा फूट उंच. लांब, तीस.’

घरी आल्यावर जेवले नाहीत.
खडू घेतला, जमिनीपासून विती मोजत
भिंतीवर चढत गेले, मग स्टुलावर,
मग स्टुलावर ठेवलेल्या ठोकळ्यावर.
आठ फुटांवर पत्रा लागला.
हात पत्र्याला टेकवून उभे राहिले थोडा वेळ.
आई म्हणाली, काय चाललंय रातच्याला?

उतरले. दारातून बाहेर गेले,
गल्लीत, विजेच्या खांबाखाली,
आणि मान वर करून
आमच्या घरावरचे ते दोन फूट
बघत राहिले.