पाणथरीचा वारा

आपल्याकडे राग नाकावर असतो,
पित्तात खवळतो,
तळपायातून निघाला की थेट मस्तकात.
वाटेत डाव्या बरगडीआड
ही जांभळी, मुठीएवढी पाणथरी लागते,
तिच्याकडे तो ढुंकूनही बघत नाही.
माया आतड्याची, धीर काळजाचा.
हिच्या वाट्याला नुसतं हिवतापात सुजणं.

लानचौ शहरात तसं नाही.
तिथं तापट माणसाला म्हणतात,
याची फी-ची मोठी.
फी म्हणजे पाणथरी. ची म्हणजे वारा, वाफ, आतला श्वास.
माझ्या कानाला मात्र ती षष्ठीच वाटत राहते.
पाणथरीची...
पाणथरीची काय?
वाक्य तिथंच अडून बसतं.

चू पाओशंगची फी-ची अख्ख्या गल्लीला ठाऊक.
पिवळ्या नदीच्या काठी कुलपं दुरुस्त करायचा.
किल्ली पहिल्या फेरीत बसली नाही तर
दगडावर आपटायचा, किल्ली, कानस,
एकदा तर गिऱ्हाइकाची पिशवी, अंड्यांसकट.
घरात चिनी मातीचं एक भांडं उरलं नाही.
थान यूच्यिननं शेवटी पत्र्याचे वाडगे आणले, निळ्या काठाचे.
त्यांनाही पोचे पडून पडून
सूप एका अंगाला कलायचं.

मग मार्चमध्ये, धुळीच्या वादळात,
पुलाच्या तोंडाशी
कोबीनं भरलेली तीनचाकी त्याच्या कुशीत शिरली.
पाणथरी फुटली. रात्रीच काढली.
सर्जननं स्टीलच्या ट्रेमध्ये आणून दाखवली.
यूच्यिन म्हणाली, एवढीशी?

गल्ली भेटायला आली ती हसू दाबत.
सफरचंदं, दुधाची खोकी,
आणि हाओ मावशी कानाशी लागून :
सुटलीस गं. मूळच उपटलं.

झालंही तसंच.
किल्ली बसली नाही तर बसली नाही.
भाजीवाली सुटे पैसे कमी द्यायची,
तो मोजायचा, आणि खिशात टाकायचा.
शेजारच्या चांभारानं त्याची जागा
आधी वीतभर, मग हातभर सरकून घेतली,
हा आपला स्टूल उचलून मागं मागं,
पाठीला नदीचा कठडा लागेपर्यंत.
यूच्यिननं सहा नवे वाडगे आणले, चिनी मातीचे,
प्रत्येकाच्या तळाशी एकेक लाल मासा.
वर्ष गेलं. सहाही मासे शाबूत.

यात वाईट काय, तिला सांगता येईना.
एका रात्री भांडी धुताना
तिनंच एक वाडगा हातातून सोडला.
सुटला नाही. सोडला.
आवाज ऐकून तो केरसुणी घेऊन आला
आणि तुकडे वेचत बसला,
बोटसुद्धा कापून न घेता.

तिसऱ्या हिवाळ्यात त्याचं पोट दुखलं,
खडा असेल म्हणून तपासणी केली.
डॉक्टरीणबाई पडद्यावर पेन टेकवून म्हणाली,
फुटते तेव्हा तिचे कण आत सांडतात,
कधीकधी रुजतात.
हे बघा, वाटाण्याएवढं. आणि हे, मुगाएवढं.
राहू दे. त्रास नाही त्यांचा.

परतीच्या बसमध्ये दोघं गप्प.
वाटाण्याएवढ्या पाणथरीचा वारा
असून असून केवढा असणार?
फुंकरीएवढा.
दिवा विझेल, न विझेल.

रात्री शेवयांचं सूप.
पहिला घोट घेऊन तो थांबला,
वाडगा टेबलावर ठेवला,
हवा होता त्याहून किंचित जोरात.
मीठ कुठंय?
सूप काठापर्यंत येऊन परत गेलं,
तळाचा मासा तेवढ्यापुरता हलला.

यूच्यिननं मीठ दिलं.
मग स्टुलावर चढून
कपाटावरचे पोचे पडलेले वाडगे काढले,
फुंकून धूळ उडवली,
घासून लख्ख केले, हाताशी मांडले.
तोंडानं काहीतरी पुटपुटत होती.
पलीकडून भिंतीला कान लावूनही
हाओ मावशीला ते
शिवी होती की आणखी काही,
नीट कळलं नाही.