डावीकडे

फोन आला तेव्हा बस शाळेच्या फाटकाशी उभी होती.
मागे अकरा मुलं, बाहेर आडवा वारा,
येल बेटावर असतो तसा, दार उघडू न देणारा.
नर्स म्हणाली, आधी बसून घ्या.
म्हटलं, बसलेलीच आहे बाई,
एकवीस वर्षं याच सीटवर.
मग तिने सांगितलं.
मी मुलं मोजली. अकरा.
परत मोजली.

तेव्हापासून मी निरोप्या झालेय.
अॅबर्डीन विचारतं, लर्विकने स्कॅन पाठवला का?
लर्विक म्हणतं, पाठवला की, मंगळवारीच.
अॅबर्डीन म्हणतं, आमच्याकडे काही नाही.
प्रवासाच्या ऑफिसला तिकिटाआधी तारीख हवी,
तारीख देणारी म्हणते, आधी स्कॅन येऊ द्या.
तीन टेबलं, मध्ये अख्खा समुद्र,
आणि माझ्या एका स्तनापायी एवढी ये-जा
की बोटकंपनीने त्याला वेगळा पास द्यावा.

विल्माने, माझ्या नणंदेने, वही घातली.
नवी कशाला, म्हणाली, मेंढ्यांचीच आहे की अर्धी कोरी.
पुढून उघडली तर
कुठली कधी व्यायली, कुणाला जुळं, कुणाचं गेलं.
मागून उघडली तर मी:
बायॉप्सी, रक्त, कुणाशी बोललो, किती वाजता,
त्या माणसाचं नाव काय (हे दोनदा अधोरेखित).
दोन्हीकडून भरत येतेय वही.
मधली कोरी पानं मी मोजत नाही.

गिबी बोलत नाही.
लग्न झालं तेव्हाही फारसा बोलला नव्हता.
रात्री अकराला फ्रीजरमधला बर्फ खरवडत बसतो,
आणि परवा, मला न विचारता,
माझ्या बसचे चारही टायर तपासून आला.

रविवारी आईकडे, वृद्धाश्रमात.
आईला गेला रविवार आठवत नाही.
त्यामुळे मी दर रविवारी नव्याने आजारी पडते.
पहिल्यांदा 'गाठ' म्हटलं.
दुसऱ्यांदा, तपासणीत काहीतरी दिसलंय.
तिसऱ्यांदा खिडकीकडे बघत म्हटलं,
आणि मध्येच बिस्किटांचं विचारलं.
चौथ्यांदा सरळ:
आई, मला कॅन्सर झालाय. स्तनाचा.
आवाज कापला नाही. सरावाने जमलं असावं.

दर वेळी ती कप बशीत ठेवते, तस्साच,
आणि विचारते, कुठल्या बाजूला?
डावीकडे.
मग बस कोण चालवणार?

साऱ्या बेटाला कळून शिळी झालेली बातमी.
दुकानात बायका लोण्याच्या फळीशी आवाज खाली करतात,
रास्मीची आई रस्ता ओलांडून येते
आणि हवामानाबद्दल बोलून जाते.
एकटी आई. तिच्यापाशी अजून ताजी आहे.
दर रविवारी तितकाच धक्का,
तितकाच माझा हात घट्ट धरणं.
कधीकधी वाटतं, मी त्यासाठीच सांगते.

या रविवारी तिने बसचं विचारलं नाही.
बराच वेळ गप्प होती.
मग म्हणाली, उजवीकडचं तू घ्यायचीसच नाहीस.
तोंड फिरवायचीस, हट्टी.
डावीकडेच, तासन्‌तास.
आणि तिचा हात स्वेटरवर डाव्या बाजूला गेला,
तिथलं वजन नीट सावरत.
मी काही बोलले नाही.
चहावर साय धरली.

बुधवारी संध्याकाळची बोट.
दोन बंक, गिबी खालच्या, बूट न काढता.
लर्विकचे दिवे अजून दिसत होते तोवर विल्माचा फोन:
स्कॅन पोचला. मी तिघांशी बोलले. नावं लिहिलीत.
आणि काळतोंडी व्यायली ग, जुळं.
एक अशक्त आहे, बाटलीवर घेतलंय.
म्हटलं, लिहून ठेव दोन्ही,
आपापल्या बाजूला.
ती म्हणाली, काय? कुठल्या बा...

आणि रेंज गेली.