पंच क्रमांक दोन

कुमठे फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान.
त्यामुळं अपघात झाला की
हवालदार लवटे आधी चहा सांगतात, मग मला.
टेपचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या.
पंधरा वर्षं मी ते टोक धरून
डांबरावर उकिडवा बसतोय.

पूर्वी सोपं होतं.
काचा असायच्या, कधी एक चप्पल,
आणि गाडीच्या रकान्यात 'अज्ञात'.
ड्रायव्हर थांबायचा नाही.
थांबला तर लोक आधी हात टाकायचे,
नाव नंतर विचारायचे.
सापडलाच तर तीनशे चार अ,
दोन वर्षं, तीही बहुतेक कागदावर.
मी सही करायचो, बोटं बोळ्याला पुसायचो
आणि पुढची ट्यूब पाण्यात बुडवायचो.

मग कायदा बदलायला निघाला.
जानेवारीत ड्रायव्हर रस्त्यावर बसले,
पंपावरची रांग पार वळणाला लागली.
दस्तगीर मुलाणी माझ्याच बाकड्यावर म्हणाला,
"पळालो तर दहा वर्षं, थांबलो तर पब्लिक.
मधली जागा कुठाय, तेवढी दाखव."
मी त्याच्या मागल्या चाकाची हवा बघत होतो.

जुलैत आकडा बदलला. एकशे सहा.
दोनाची पाच झाली.
दहाचं तेवढं टांगून ठेवलंय, लवटे म्हणाले.
टांगलेली वस्तू
खाली बसणाऱ्यालाच जास्त दिसते.

त्याच थंडीत, पहाटे पावणेपाच.
दस्तगीरचा आयशर, आत बेदाण्याच्या पेट्या.
भूपाल मगदूमची एम-एटी, दोन्ही बाजूंना किटल्या.
दस्तगीर थांबला.
भूपालचं डोकं मांडीवर घेऊन
त्यानंच एकशे आठला फोन लावला.
लोक आले तरी हलला नाही.
त्याचा फाटलेला ओठ शिवायला
मीच नेला त्याला, दुपारी.

पंचनाम्यात दूधसुद्धा आलं:
सांडलेले, अंदाजे नऊ लिटर.
ब्रेकची खूण अकरा मीटर चाळीस.
हेल्मेट मिळून आले नाही.

कोर्टात वकिलानं विचारलं,
"तो माणुसकीनं थांबला, की कलमाला भिऊन?"
मी म्हणालो, माहीत नाही.
टेप तिथवर पोचत नाही, हे सुचलं
एसटीत बसल्यावर.

दीड वर्षानं ट्रिब्युनलनं चूक वाटून दिली.
सत्तर टक्के टेम्पोची.
तीस मयताची: हेल्मेट नाही, शिवाय गाडी अचानक मधे आली.
दस्तगीरचं लायसन संपून नऊ दिवस झालेले,
म्हणून कंपनी आधी भरणार,
मग त्याच्याकडून काढून घेणार.
पद्मावती मगदूम निकालाचा कागद घेऊन दुकानात आली.
"तीस म्हणजे ह्यांचं नेमकं काय वो?
डोस्कं, का हात?"

गाडी मधे का आली,
हे कुणी विचारलं नाही.

दुकानाची खूण म्हणून मी
ट्रकचा एक टायर आडवा टाकायचो,
त्यात बांबू, बांबूला पाटी.
पांढऱ्या पट्ट्याच्या हातभर आत.
ग्रामपंचायतीनं दोनदा सांगून झालं होतं.
त्या पहाटे लवटे पोचायच्या आत
मी तो गडगडत दुकानामागं नेला.
रस्ता दवानं ओला होता,
टायरचं कोरडं कडं तेवढं उमटून राहिलं.
त्यावरच बसलो मी
टेपचं टोक धरून.

सत्तर आणि तीस.
शंभर भरले, हिशेब चोख.

परवा दस्तगीर आला, सायकलवर.
जामिनावर आहे, लायसन जमा.
दोन्ही चाकांत हवा भरून दिली,
तो खिसा चाचपायला लागला.
मी म्हणालो, राहू दे.
शिवलेला ओठ वाकडा करून तो हसला,
म्हणाला, "का?"