शिडीवरून

मासुंद्याच्या कडेला, चर्चमागच्या हॉलमध्ये
पंखा दुरुस्त करायला गेलो होतो.
गुरुवार. त्यांची तालीम चाललेली.
युलालिया टीचर म्हणाल्या, घागमिस्त्री, तुमचं चालू द्या,
फक्त ड्रिल नको.

मी वर, खाली अकरा माणसं.
पेटी नाही, तबला नाही.
आधी बायका सुरू झाल्या, बारीक आवाजात,
एक ओळ, जिना चढावा तशी.
ती संपायच्या आत दुसऱ्यांनी तीच उचलली, खालून.
मग जाड आवाजाचे दोघे, आणखी खालून, आणखी उशिरा.
आमच्यात याला री ओढणं म्हणतात
आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत.
पण इथे री ओढणारा पुढे निघून जात होता
आणि पहिला त्याला जागा करून देत होता,
जिन्यावरून कपाट नेताना
माणसं एकमेकांना देतात तशी.

यातला मुख्य कोण, शोधत राहिलो. सापडेना.
समही सापडेना.
लॅटिन आहे, चारशे वर्षांपूर्वीचं,
कुणा स्पॅनिश उस्तादाचं, असं चहाच्या वेळी कळलं.
शब्द एकमेकांवर इतके सांडत होते
की देवालाच निवडून घ्यावे लागत असतील,
तांदळासारखे.

एका ठिकाणी मात्र दर वेळी अडायचं.
चष्मेवाली अल्बर्टिना एक सूर धरून बसायची,
बाकीचे पुढे जायचे,
आणि टीचर हात खाली टाकायच्या.
"खुपत नाहीये."
मला वाटलं, मग बरंच आहे की.

मधल्या रांगेत एक खुर्ची, तिच्यावर फाइल.
इझिडोरची. वागळे इस्टेटला लेथवर होता,
ईस्टरच्या आधी गेला.
त्याचा सूर येऊन हिच्या सुराला घासायचा
म्हणून हिला उतरावं लागायचं, एकच पायरी,
आणि तिथे सगळं मोकळं व्हायचं.
आताही ती उतरते. उतरवणारं कुणी नाही.

टीचरनी वर पाहिलं.
"मिस्त्री, आ म्हणा. असा. तेवढाच धरायचा."
मी भजनातसुद्धा चपलांजवळ बसणारा माणूस.
एका हातात कपॅसिटर, दुसरा शिडीला.
म्हटलं, आ.

दोन सूर भिडले तशी दाढेत कळ गेली.
सोडून द्यावासा वाटला. अल्बर्टिना सोडेना.
माझ्याकडे बघत नव्हती, फाइलकडे बघत होती,
टीचरचं बोट हवेत,
किती वेळ कोण जाणे,
मग ती उतरली.
पायरी कसली, अर्धीच असेल.
हॉल केवढा झाला.

आणखी दोनदा घेतलं त्यांनी. दोनदा मी.
कळव्याला घरी पोचलो, शर्ट काढताना लक्षात आलं,
कपॅसिटर खिशातच.
बायकोला म्हटलं, पुढच्या गुरुवारी जावं लागेल.
त्याच्या पुढच्याही. नाताळपर्यंत बहुतेक.
ती म्हणाली, एका पंख्याला?